हे संपतं का, ते विचारा

राजेंद्रनगर असो, लोकमान्यनगर असो की सुपर कॉरिडॉरच्या बाजूला उभ्या राहिलेल्या नव्या इमारती असोत, इंदूरच्या मराठी घरांतले आई-बाबा भेटले की चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत एकच गोष्ट विचारतात, ‘ताई, मुलांना मोबाइल किती वेळ द्यायचा?’ विचारणारे सगळे शिकलेसवरलेले. त्यातले कित्येक जण टीसीएस-इन्फोसिसच्या आवारात दिवसभर स्क्रीनकडे बघूनच घर चालवतात. त्यांना उत्तरात आकडा हवा असतो. आकडा पाळता येतो, आणि नाही पाळता आला तरी निदान नवऱ्याला किंवा बायकोला सुनावता येतो.

आकडा आहे, तो आधी सांगून टाकते. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना. तिचं म्हणणं असं, की दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नकोच. नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर एक तास. पाच ते दहाच्या मुलाला दोन तासांच्या आत. अगदी लहान मुलांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये असंच काहीसं सांगितलं होतं. सल्ला शहाणा आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही.

पण आकडा हातात पडला की घरात काय होतं, ते मी बघते. आई घड्याळ लावून बसते. ‘दहा मिनिटं राहिली.’ ‘पाच राहिली.’ ‘आता ठेव म्हटलं ना!’ मग हिसकाहिसकी, आदळआपट आणि जेवणाचा विचका. दुसऱ्या दिवशी आई ऑफिसातून दमून आलेली असते, एका तासाचे दोन तास होतात. तिसऱ्या दिवशी मनाला टोचणी लागते आणि सगळंच बंद. मूल यातून एवढंच शिकतं, की आईचा मूड बघून मागायचं.

म्हणून मी आई-बाबांना वेगळा प्रश्न सुचवते. मुलाच्या हातात जे देताय, ते संपतं का?

अर्ध्या तासाची फिल्म बघून झाली की मूल आपण होऊन उठतं, निदान जांभई तरी देतं. तेच मूल अर्धा तास शॉर्ट्स बघत असेल, तर त्या अर्ध्या तासात पन्नास गोष्टी सुरू होतात आणि संपत एकही नाही. तुम्ही फोन घ्यायला जाता ते नेमकं कशाच्या तरी मधोमध. किंचाळणारच की! आपल्याला कुणी नाटकाच्या दुसऱ्या अंकात दंडाला धरून उठवलं, तर आपण काय आभार मानणार आहोत?

थांबणं ही गोष्ट चार-पाच वर्षांच्या मुलाला स्वतःच्या बळावर जमत नाही. ती त्याच्यासाठी बाहेर कुणीतरी करून ठेवावी लागते. आजी ठेवायची. कहाणी सुफळ संपूर्ण झाली की दिवा मालवायचा, त्यावर अपील नसायचं. मासिक ठेवायचं. मद्रासहून निघणारा ‘चांदोबा’ १९५२ पासून मराठीत यायचा, आणि त्यातला वेताळ दर महिन्याला विक्रमाच्या खांद्यावरून उडून झाडावर जाऊन लटकायचा. ती मालिका म्हणाल तर कधीच संपली नाही. पण त्या महिन्याची गोष्ट त्या पानावर संपायची, आणि पुढच्या अंकापर्यंत राजाने दिलेलं उत्तर बरोबर की चूक यावर भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या. बालभारतीचं ‘किशोर’ नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झालं. महाराष्ट्राबाहेरच्या आमच्यासारख्यांना ते पुण्या-मुंबईचा कुणी पाहुणा आला तर मिळायचं, नाहीतर पोस्टाच्या मर्जीने. आमच्या शहरातून निघणारं ‘देवपुत्र’, भोपाळच्या एकलव्य संस्थेने १९८५ मध्ये सुरू केलेलं ‘चकमक’, ही हिंदी मासिकं आमच्या मराठी मुलांनीही खाऊसारखी पुरवून वाचली. पुरवून वाचायची, कारण पानं मोजकी होती.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतली मी नाही. चांदोबातल्या राक्षसांमुळे रात्री पाणी प्यायला उठायची सोय नसायची, आणि तेव्हाच्या कित्येक बालकथांत मुलगी म्हणजे भांडी घासणारी नाहीतर राजपुत्राची वाट बघणारी. आजची बरीच कार्टूनं त्याहून पुष्कळ बरी आहेत. डोरेमॉन २००५ च्या सुमारास आपल्याकडे हिंदी बोलू लागला, तेव्हा घराघरांत केवढी खळबळ होती! मुलं आळशी होतील, उलट बोलतील, नोबितासारखी रडूबाई होतील. शिनचॅनवर तर २००८ मध्ये आपल्या सरकारने काही काळ बंदीच आणली, नंतर तो काटछाट होऊन परत आला. २००८ मध्येच छोटा भीम आला आणि लाडूंचा खप वाढला. ती मुलं आता कामाला लागली आहेत, काही तर तुमच्यापैकीच आहेत. डोरेमॉनने तुमचं विशेष काही बिघडवलेलं मला दिसत नाही. कारण भाग संपायचा, जाहिरात लागायची, तेवढ्यात आई हाक मारायची.

खरा बदल कार्टूनमुळे झालाच नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि काही महिने फुकटच मिळालं. त्यापूर्वी डेटा पाण्यासारखा वापरायची आपली ऐपत नव्हती, आणि ती ऐपत नसणं हेच कितीतरी घरांत मुलांचं संरक्षण होतं. मग २०२० मध्ये कोरोनाच्या काळात शाळेनेच फोन हातात दिला. शाळा पुन्हा भरली, फोन मात्र परत घ्यायचा राहिला, कारण गृहपाठ अजून व्हॉट्सअॅपवर येतो. या एका बाबतीत शाळांशी भांडायला मी केव्हाही तयार आहे. सहा वर्षांच्या मुलाचा गृहपाठ वहीत लिहून द्यायला पाच मिनिटं लागतात.

आता, हे न संपणं आपोआप झालेलं नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. पान खाली सरकवत राहा, पुढचं आपोआप येत राहील, ही करामत एझा रास्किन नावाच्या अमेरिकन माणसाने २००६ मध्ये काढली. पुढे त्याला स्वतःलाच तिचा पश्चात्ताप झाला आणि ते तो जाहीरपणे सांगत फिरला. पूर्वी पानाच्या तळाशी ‘पुढे’ असं बटण असायचं. ते दाबायला क्षणभर थांबावं लागायचं, आणि त्या क्षणात माणसाला लघवीला जायची आठवण व्हायची. तो क्षण काढून टाकला. मग व्हिडिओही आपोआप पुढचा लागू लागला. मुलाला यात निवडायचं काही उरतच नाही. त्याने आधी काय बघितलं, कुठे रेंगाळला, काय मध्येच सोडलं, यावरून पुढचं ताट वाढलं जातं.

आणि इथे आपल्या घरांतली एक गंमत सांगते. यूट्यूबने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं, की अठराच्या आतल्यांच्या खात्यावर आपोआप पुढे चालणारा व्हिडिओ मुळातच बंद ठेवू. लहान मुलांसाठीच्या वेगळ्या अॅपमध्ये वेळ लावून ठेवायची सोय आहे, वेळ भरली की ते आपणच बंद होतं. त्याआधी, २०१९ मध्ये, मुलांची माहिती परवानगीशिवाय गोळा केल्याबद्दल अमेरिकेत त्यांना १७ कोटी डॉलरचा दंड झाला होता आणि त्यानंतर मुलांच्या व्हिडिओंवरच्या माग काढणाऱ्या जाहिराती बंद कराव्या लागल्या. आपल्याकडेही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागते, आणि मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. कागदावर सगळं ठीक. पण आपलं मूल बघतं कुठे? बाबांच्या फोनवर, बाबांच्या खात्यावर. म्हणजे कंपनीच्या लेखी ते अडतीस वर्षांचा, इंदूरला राहणारा, कर्जाचे हप्ते फेडणारा पुरुष आहे. क्रिकेटच्या बातम्या, म्युच्युअल फंड आणि मध्येच अंडी फोडून खेळणी काढणारे व्हिडिओ बघणारा विक्षिप्त पुरुष. त्याला कुठला कायदा वाचवणार? ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खातंच उघडू द्यायचं नाही असा कायदा अमलात आणला. त्याची इथेही पुष्कळ चर्चा झाली. मला तो कायदा नापसंत नाही, पण ज्या घरात मूल आईच्या अंगठ्याने फोन उघडतं, त्या घरात तो सोफ्यापर्यंतसुद्धा पोचत नाही.

म्हणून आधी हे करा. आज रात्रीच बसून मुलाचं वेगळं खातं काढा. आपोआप पुढे चालण्याचं बटण बंद करा. शॉर्ट्स ज्या अॅपमध्ये आहेत ते मुलाच्या हाती लागणार नाही असं बघा. आणि दाखवायचंच असेल तर फोनपेक्षा भिंतीवरचा टीव्ही बरा. तो खिशात जात नाही, पांघरुणात जात नाही, आणि त्यावर काय चाललंय ते स्वयंपाकघरातून ऐकू येतं. फोनची लहान स्क्रीन हे मला त्यातलं सगळ्यात वाईट वाटतं. तिच्यासमोर एकच माणूस मावतो.

भीतीबद्दल थोडं बोलायला हवं. ऑगस्ट २०१७ मध्ये आमच्या शहरातल्या एका शाळेत सातवीतला एक मुलगा तिसऱ्या मजल्यावरून उडी मारायच्या बेतात होता. वेळीच त्याला मागे ओढलं गेलं, तो वाचला. बातम्यांत त्याचा संबंध ‘ब्लू व्हेल’ नावाच्या खेळाशी जोडला गेला, आणि महिनाभर आम्ही सगळे त्या देवमाशाच्या मागे धावलो. बापांनी फोन तपासले, आयांनी मुलांच्या हातांवर ओरखडे शोधले, व्हॉट्सअॅपवर इशारे फिरले. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं, की तपासलेल्या घटनांपैकी कुठल्याच घटनेत या खेळाचा संबंध सिद्ध होऊ शकला नाही. देवमासा दिसलाच नाही. त्या धावपळीत आपापल्या मुलांशी आम्ही काय बोललो, आठवून बघा. ‘तो गेम तुझ्याकडे आहे का?’ एवढंच. तू उदास आहेस का, शाळेत कुणी छळतंय का, हे कितीजणांनी विचारलं? नवं काहीतरी राक्षसी नाव ऐकलं की आपल्याला एक प्रकारे बरंच वाटतं. शत्रू बाहेरचा ठरतो. उद्या अमुक गेम, परवा तमुक चॅलेंज. त्या प्रत्येक वेळी मुलाशी आधी बोला, फोन मागून बघा. आणि मूल खरंच जिवाचं काही बोलू लागलं, तर ‘नाटकं करू नकोस’ म्हणू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी फोन चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत. तो नंबर तुमच्या फोनमध्ये असू द्या.

आता बोलणाऱ्या डब्यांविषयी, म्हणजे स्मार्ट स्पीकरविषयी, कारण गेल्या दोन-तीन दिवाळ्यांत ते घरोघरी आले आहेत. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण मला हा डबा स्क्रीनपेक्षा बरा वाटतो. मुलाने विचारलं, ‘जिराफ किती उंच?’ डब्याने सांगितलं, आणि गप्प बसला. संपलं. मूल जिराफाचा विचार करत खेळायला मोकळं. गाणं लावलं तर ते ऐकता ऐकता हात ठोकळ्यांत राहतात.

माझी तक्रार दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे तो ऐकत असतो. जर्मनीने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘कायला’ नावाच्या बोलक्या बाहुलीवर बंदी आणली, ती खेळणं म्हणून नव्हे, लपवलेलं टेहळणीचं यंत्र म्हणून. मुलांच्या झोपायच्या खोलीत तो डबा ठेवू नका, दिवाणखान्यात असू द्या. दुसरी तक्रार आपल्या, म्हणजे बाहेरगावच्या मराठी माणसांची आहे. हा डबा मुलाची मराठी आणखी एका बाजूने कुरतडतो.

इंदूरमधल्या मराठी मुलाची भाषा कुठून येते, याचा हिशेब मांडून बघा. शाळा इंग्रजी. रस्ता, रिक्षा, पोहे-जिलबी, क्रिकेट सगळं हिंदी. टीव्ही हिंदी. घरात आई-बाबा एकमेकांशी मराठी बोलतात, पण त्यातही ‘मी येऊन राहिलो’ आणि ‘भिया’ घुसलेले. त्याची मला लाज नाही, ती आमची इंदुरी मराठी आहे आणि पुण्याच्या लोकांना ती ऐकून जे होतं ते होऊ दे. राहता राहिली आजी. ती एकटीच अशी, की जिच्याशी पूर्ण वाक्यात मराठी बोलल्यावाचून काम होत नाही. अॅमेझॉनचा डबा २०१७ मध्ये भारतात आला आणि २०१९ मध्ये हिंदी बोलू लागला. गूगलच्या सहायकाला २०१८ पासून मराठी येते म्हणतात, पण आमच्या शेजारची पाच वर्षांची चिमुरडी त्याच्याशी बोबड्या मराठीत दोनदा बोलून बघते, त्याला कळत नाही, मग तिसऱ्यांदा ती इंग्रजीत बोलते आणि तिला उत्तर मिळतं. यातून ती काय शिकली? आजीला जी भाषा समजते ती ‘खऱ्या’ गोष्टींना समजत नाही. हे कुणी तिला सांगितलेलं नाही, तरी ती ते शिकली.

हिंदीशी माझं वैर नाही. ‘देवपुत्र’ आणि ‘चकमक’ यांनी आमची मुलं वाढवलीत हे आत्ताच सांगितलं. प्रश्न असा आहे, की स्क्रीन कुठल्याही भाषेतली असो, ती मुलाच्या वाक्याची वाट बघत नाही. मूल ‘आजी, मग ना, मग तो ना, तो…’ असं अडखळतं तेव्हा आजी थांबते. त्या थांबण्यात भाषा तयार होते. मराठी बालगीतांचे व्हिडिओ लावून दिले की मराठी येईल, ही समजूत म्हणून खोटी. गाणं पाठ होईल, बोलणं येणार नाही.

चॅटजीपीटीसारखे जे नवे बोलके मदतनीस आलेत, ते मात्र थांबतात, मुलाचं ऐकून घेतात, मराठीतही ऐकतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये आले आणि आता आठवीतली मुलं निबंध त्यांच्याकडूनच लिहून घेतात. तेरा वर्षांखालच्यांसाठी चॅटजीपीटी नाही, असं त्याच्या नियमांतच लिहिलेलं आहे. घरी कुणी वाचलं असल्यास हात वर करा. माझी अडचण निबंधाची नाही. आम्हीही गाइडमधून उतरवायचो. माझी अडचण ही, की उत्तर देऊन झालं की हा मदतनीस विचारतो, ‘आणखी सांगू का?’ तो कधी कंटाळत नाही, कधी ‘आता पुरे, जेवायला चल’ म्हणत नाही, कधी ‘मला नाही माहीत, तुझ्या आजोबांना विचार’ म्हणत नाही. न कंटाळणारा सोबती मुलाला फार आवडतो. पण आपल्या बोलण्याचा समोरच्याला कंटाळा येऊ शकतो, हे कळल्यावाचून माणसात राहता येत नाही. तेराव्या वर्षापर्यंत तरी हा सोबती मुलाला एकट्याला देऊ नका. तुम्ही शेजारी बसा, प्रश्न तुम्ही टाइप करा, उत्तरातली चूक दोघांनी मिळून शोधा. चूक सापडली की मुलाला जो आनंद होतो, तो बघण्यासारखा असतो.

इथे मला विष्णू चिंचाळकर आठवतात. नव्या आई-बाबांपैकी कितीजणांना ते ठाऊक आहेत, मला शंकाच आहे. १९१७ ते २००० एवढं त्यांचं आयुष्य. इंदूरचे मराठी चित्रकार, सगळं शहर त्यांना गुरुजी म्हणायचं. ज्या देवळालीकर सरांच्या हाताखाली बेंद्रे आणि हुसेन या चित्रकारांची सुरुवात झाली, त्याच इंदूरच्या कलाशाळेच्या परंपरेतले. हात असा होता, की व्यक्तिचित्रं काढत नाव आणि पैसा दोन्ही कमावता आलं असतं. पण गुरुजी रमले सुकलेल्या पानांत, काटक्यांत, बियांत, फाटक्या चिंध्यांत, फुटक्यातुटक्या वस्तूंत. वाळलेलं पान जरा वळवून धरायचे आणि त्यात पक्षी दिसायचा. ते काही बनवायचे असं म्हणणंही चूक, ते बघायला लावायचे. मुलांसाठी त्यांचं ‘खुलते अक्षर, खिलते अंक’ हे हिंदी पुस्तक आहे. त्यात अक्षरं आणि आकडे चित्रांशी खेळतात. ते मुलाला अर्ध्यावर सोडतं, पुढचं मुलाने आपल्या हाताने करायचं. मुलांसाठी काय करावं, याबद्दल मी जेवढं वाचलंय त्यापेक्षा गुरुजींच्या एका वाळक्या पानाने मला जास्त शिकवलं. पान एवढंसं. त्यात बघण्यासारखं दोन मिनिटांत संपतं. मग मूल अंगणात दुसरं पान शोधायला धावतं, आणि तिथून पुढचा दुपारभराचा वेळ त्याचा स्वतःचा असतो.

मला कुणी म्हणेल, ताई, हे सगळं कलाकारांच्या घरी. आमच्याकडे अंगण नाही, चौदावा मजला आहे. बरं. मग दुसरी गोष्ट बघा. आमच्या शहरातली मुलं बोलू लागली की ‘आई-बाबा’च्या पाठोपाठ कचरागाडीचं गाणं म्हणतात. स्वच्छतेत पहिला नंबर २०१७ पासून ओळीने कित्येक वर्षं आमच्याकडे आला, त्याचं हे बालवाङ्मय! रोज सकाळी तेच गाणं येतं, गाडी वळणावर गेली की संपतं. मुलं त्याची वाट बघतात. त्यात बघण्यासारखं काय आहे? तेच ते आहे, हेच. मुलाला तीच गोष्ट शंभरदा हवी असते, त्याच जागी तोच आवाज काढलेला हवा असतो, आणि तुम्ही एखादं वाक्य गाळलंत तर ते पकडतं. अशीच ते गोष्ट पचवतं. न संपणारी स्क्रीन त्याला तीच गोष्ट पुन्हा मिळूच देत नाही. दर वेळी नवं, दर वेळी जरा जास्त भडक. म्हणून मी सांगते, चार फिल्मा उतरवून घ्या, फक्त चार, आणि इंटरनेट बंद करून त्याच दाखवा. मूल आठवडाभर कुरकुरेल. नंतर त्यातला एखादा प्रसंग गादीवर करून दाखवू लागेल.

आणि तंत्रज्ञानाने आपल्याला जे खरोखर दिलंय, ते वापरायला का कचरता? ज्या ‘किशोर’साठी आम्ही पाहुण्यांच्या पिशव्या तपासायचो, त्याचे १९७१ पासूनचे अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवलेत. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे, त्यावर मराठी चित्रकथा आहेत, छापूनही घेता येतात. छापून घ्या. दहा पानं, मध्ये एक टाचणी, झालं पुस्तक. राजवाड्यावर गेलात की जेल रोडवर मोबाइलचं कव्हर घ्यायला पाय वळतातच, तसे खजुरी बाजारातही वळवा. पुस्तकांची दुकानं तिथून लांब नाहीत. आमच्या शहरातल्या सानंद संस्थेचं मराठी नाटक असेल आणि ते मुलांनी बघण्यासारखं असेल, तर एखाद्या वेळी मुलाला घेऊन जा. चुळबूळ करेल, मध्येच मोठ्याने प्रश्न विचारेल, पुढच्या रांगेतले काका वळून बघतील. बघू देत. पडदा पडतो, दिवे लागतात आणि सगळी मोठी माणसं उठून घरी जायला निघतात, हे मुलाने बघायला हवं.

स्वतःच्या फोनबद्दल मी तुम्हाला उपदेश करणार नाही, तो तुम्ही एकमेकांना भरपूर करता. एवढंच सांगते, की जेवताना तुम्ही बघत असलेली रील मध्येच बंद करून बघा, मुलासमोर, आणि तेव्हा पोटात जी चिडचिड होते ती नीट बघून ठेवा. मुलावर ओरडायच्या आधी ती उपयोगी पडते.

आता दिवाळी येईल. आपल्यातल्या बऱ्याच घरांत न्यू जर्सीहून काका येईल आणि मोठ्या प्रेमाने टॅब्लेट आणेल. आणल्यावर ‘कशाला आणलास’ म्हणणं वाईट दिसतं, म्हणून आधीच फोन करा. म्हणा, टॅब्लेट नको. त्यापेक्षा तुझ्या शनिवारी रात्री आणि आमच्या रविवारी सकाळी अर्धा तास व्हिडिओ कॉलवर बस. ‘किशोर’चा एक जुना अंक तू उघड, तोच आम्ही इथे उघडतो. एक पान तू वाच, एक पान पुतण्या वाचेल. चुकला तरी टोकू नकोस, थांब. अर्धा तास झाला की कॉल बंद, गोष्ट उरली तर पुढच्या रविवारी.

काका थोडा वेळ गप्प राहील आणि म्हणेल, ‘वहिनी, टॅब्लेटच सोपा पडेल हो मला.’ पडेलच.